कानखोली विकायची का?

मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर माकडटोपी आणि लोकरीचा स्वेटर घातलेला माणूस कुणाला दिसला असेल, तर ते आमचे आबा. वेड वगैरे काही नव्हतं. आमच्या कंपनीत सर्व्हरची एक खोली होती आणि तिथे एसी इतका गार ठेवलेला असायचा की आत उभं राहिलं की दातांवर दात वाजायचे. आबा आत जाताना स्वेटर आणि टोपी चढवत, आतल्या यंत्रांची विचारपूस करत, आणि बाहेर येताना दोन्ही काढायला विसरत. मग तसेच रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर. डांबर वितळलेलं, कुत्री गटारात बसलेली, आणि आबा माकडटोपीत.

टपरीवाला विचारायचा, "आबा, ताप आहे का?"

आबा मनापासून चकित होऊन म्हणायचे, "नाही बुवा. का?"

मी नाशिकचा. हिशेब बघायला म्हणून या कंपनीत लागलो, तेव्हा आबांनी माझी मुलाखत शेवभाजीच्या खानावळीत घेतली. शिक्षण, अनुभव यातलं काही विचारलं नाही. काळ्या मसाल्याची तर्री असलेली भाजी पुढे ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो, खूप," मी म्हणालो.

"उद्यापासून ये. याआधी जो आला होता तो घामाने भिजला आणि 'छान आहे' म्हणाला. असा माणूस हिशेब कसा ठेवणार?"

कंपनी काय करायची ते सांगतो. शेतातल्या विहिरीवरच्या मोटरीला बसवायचा एक डबा आम्ही बनवायचो. शेतकऱ्याने घरून फोन लावायचा आणि मोटर चालू किंवा बंद करायची. असे डबे बरेच जण बनवतात. आमच्या डब्याचं वेगळेपण एवढंच की त्याच्याशी बोलता यायचं, आणि तेही आपल्या बोलीत. धुळ्याकडच्या माणसाने अहिराणीत विचारायचं, "लाईट उनी का?" आणि डब्याने फोनवर सांगायचं, "उनी" किंवा "नही उनी". रावेर-यावलकडची बोली वेगळी, तीही त्याला कळायची. शेतावरची वीज कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे लोक मोटर चालवायला कमी आणि हे विचारायलाच जास्त फोन करत.

डब्याला काही कळलं नाही की तो म्हणायचा, "समजनं नही भो, परत सांग." आणि ते न कळलेलं बोलणं आमच्याकडे एका खोलीत येऊन पडायचं. तिथे कानाला हेडफोन लावून काही बायका बसत, ते पुन्हा पुन्हा ऐकत आणि माणसाला काय म्हणायचं होतं ते लिहून यंत्राला शिकवत. या खोलीला आबांनी नाव दिलं होतं कानखोली. तिच्या प्रमुख वंदनाताई, यावलच्या. बोलायला फटकळ. कानखोलीत चप्पल वाजवत आलेल्या माणसाला त्या हेडफोन न काढताच बाहेरचा रस्ता दाखवत, मग ते आबा असले तरी.

आबांच्या तऱ्हा लिहायच्या तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. माणसांना ते सर्रास अरेतुरे करत आणि यंत्रांना अहो-जाहो. प्रिंटर अडकला की त्याच्या पाठीवर हात ठेवून, "अहो, काय झालं? जेवला नाहीत का?" त्यांच्या केबिनमधल्या खुर्चीचे हात त्यांनी करवतीने कापून टाकले होते. हात असलेल्या खुर्चीत माणूस विचार करत नाही, पेंगतो, असं त्यांचं म्हणणं. हात कापल्यावर ते दोनदा खुर्चीवरून पडले, पण मत बदललं नाही. कुणाला तोंडावर नकार देणं त्यांना जमायचं नाही. "बघू, पण नको," असं म्हणत. नवीन आलेला माणूस 'बघू'वर आशा धरून बसायचा, जुना माणूस 'पण' ऐकताच उठायचा.

पण सगळ्यांत मोठी तऱ्हा म्हणजे 'बाजू बदला'. दोन माणसं वाद घालायला लागली की आबा थोडा वेळ शांत ऐकत. वाद रंगात आला की टाळी वाजवत आणि म्हणत, "बाजू बदला!" मग ज्याने जे म्हटलं असेल त्याच्या उलट त्याने बोलायचं, आणि तेही मन लावून. ड्रायव्हर म्हणत असेल की गाडीला नवे टायर हवेत आणि मेकॅनिक म्हणत असेल की जुने चालतील, तर ड्रायव्हरने जुन्या टायरचे गुण सांगायचे. लोक हसत, पण करत. पगार आबाच देत होते ना.

एकदा मीच सापडलो. पगारवाढ मागायला गेलो होतो. आबांनी ऐकून घेतलं, दोन मुद्दे खोडले आणि टाळी वाजवली. आता मला पगार का वाढवू नये हे मी सांगायचं आणि का वाढवावा हे आबांनी. हिशेबाचा माणूस मी, आकडे तोंडपाठ. कंपनीची ओढाताण, येणारा हंगाम, बाकीच्यांचे पगार, असं मी एकेक मांडत गेलो आणि मलाच पटत गेलं. आबा म्हणाले, "तू जिंकलास," आणि वाढ नाकारली. चेहरा पाडून बाहेर आलो. पुढच्या महिन्यात पगार वाढूनच आला. विचारायला गेलो तर म्हणाले, "घरी जाऊन विचार केला. मीसुद्धा काही वाईट बोललो नव्हतो."

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी एकदा विचारलं की घरीही हे चालतं का. त्या म्हणाल्या, "एकदाच केलं. बाजू बदलल्यावर आठवडाभर स्वयंपाक त्यांच्याकडे गेला. तेव्हापासून घरी बंद आहे."

कंपनी तिघांच्या नावावर होती. वडिलांची धुळ्याजवळची जमीन विकून ती उभी राहिलेली, म्हणून तिघांचा सारखा वाटा. सगळ्यांत मोठ्या अक्का. त्या रावेरला दिलेल्या, केळीच्या मोठ्या बागायतदारांकडे. मधले आबा. धाकटे बापू. बापू धुळ्यात डब्यांचा कारखाना सांभाळत. आबा जितके विस्कटलेले, तितके बापू इस्त्रीतले. शब्दसुद्धा इस्त्री करून बोलत. "मला असे वाटते की आपण या विषयावर सविस्तर चर्चा करावी," हे वाक्य ते चहा घ्यायचा की नाही यावरही म्हणू शकत. माणूस मात्र कष्टाळू. कारखान्यातल्या कुणाच्या घरी काय दुखतंय-खुपतंय ते त्यांना ठाऊक असे.

गडबड अशी होती की पैसा सगळा बापूंच्या डब्यांतून यायचा आणि कानखोलीत जिरायचा. बायकांचे पगार, सर्व्हर, त्या एसीचं विजेचं बिल. बोलीसाठी शेतकऱ्याकडून वेगळे पैसे आम्ही घेतच नव्हतो. घ्यावेत असं मी सुचवलं तेव्हा आबा म्हणाले, "माणसाने बोलायचे पैसे द्यायचे? बघू, पण नको." इकडे कारखान्याचं छत गळत होतं. डब्याचं झाकण ओतायचं यंत्र इतकं जुनं झालं होतं की दर पावसाळ्यात बापू त्याच्यावर ताडपत्री टाकून स्वतः शेजारी बसत. आणि बाहेरून स्वस्त डबे बाजारात यायला लागले होते.

अशात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून विचारणा आली. त्यांना डबा नको होता. फक्त कानखोली हवी होती: बोलणारं यंत्र, आजवरचे सगळे आवाज आणि येतील त्या बायका. रक्कम ऐकून बापू धुळ्याहून तासाभरात येतो म्हणाले आणि रस्त्याच्या कामामुळे दुपारी पोचले, पण चेहरा खुललेला होता.

"आबा, मला असे वाटते की हा योग आहे," ते म्हणाले.

मला विचाराल तर मीही विकण्याच्याच बाजूचा होतो. कागदावर दुसरं उत्तर निघत नव्हतं. जो विभाग कधीच कमावत नाही, तो घ्यायला कुणी आपणहून दारात आलंय, अजून काय पाहिजे? मी तसं मांडून दिलं. आबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." ते छापलेलं होतं.

पुण्याच्या माणसांना यंत्र प्रत्यक्ष बघायचं होतं. म्हणून सगळे अक्कांच्या केळीच्या बागेत गेलो, रावेरजवळ. पाहुण्यांचे प्रमुख एक तरुण साहेब होते, पायात पांढरेशुभ्र बूट. बागेत नुकतंच पाणी दिलेलं. वंदनाताई त्यांच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, हे काढून ठिवा." साहेब हसले. काढले नाहीत.

विहिरीजवळ उभं राहून साहेबांनी फोन लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "कृपया पंप सुरू करावा."

फोनमधून आवाज आला, "समजनं नही भो, परत सांग."

साहेब आणखी सावकाश म्हणाले, "पंप. सुरू. करावा."

"समजनं नही भो, परत सांग."

बापूंच्या कपाळावर घाम. ते माझ्या कानात म्हणाले, "हे यंत्र साध्या मराठीला नकार कसे देऊ शकते?" खरं कारण वंदनाताईंनी नंतर सांगितलं. यंत्र शिकलं होतं ते शेतकऱ्यांच्या खऱ्या बोलण्यावर, आणि विहिरीच्या मोटरीशी आजवर कुणी नम्रपणे बोललेलं नव्हतं.

तेवढ्यात अक्कांचा धीर सुटला. त्यांनी साहेबांच्या हातून फोन घेतला आणि शेजारच्या बागेत ऐकू जाईल असं ओरडल्या, "काहून थांबली व माय? चाल लवकर, लाईट जाईन!"

मोटर धाडकन सुरू झाली. पाइपाचं एक तोंड मोकळं राहिलं होतं. ते नेमकं साहेबांच्या दिशेने होतं. पाणी थांबेपर्यंत त्यांचे बूट पांढरे राहिले नव्हते आणि साहेबही ओळखू येत नव्हते. मला वाटलं, संपला व्यवहार. पण तो माणूस चिखलात उभा राहून लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. "हे आमच्याकडे कुणालाच जमलेलं नाही," म्हणाला. "हे आम्हाला हवंच आहे."

अक्कांनी त्यांना घरी नेलं, कोरडे कपडे दिले. अक्कांच्या यजमानांचं धोतर आणि सदरा घालून साहेब भरीत-पुरी खायला बसले आणि मोकळेपणाने बोलायला लागले. हा आवाज घेऊन ते काय करणार होते, तेही सांगितलं. शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत फोन जाणार. बियाणं घ्या, औषध घ्या, कर्ज घ्या. "आपल्या भाषेत कुणी बोललं की माणूस फोन ठेवत नाही, आबा. त्यातच सगळी किंमत आहे."

"आणि मोटर?" आबांनी विचारलं.

"ते काय, छोटं काम आहे. चालू ठेवू की वर्षभर."

आबा भरीत खायचे थांबले. भरीत खाताना थांबलेले आबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात तिघा भावंडांची बैठक जळगावच्या कचेरीत बसली. मी हिशेबासाठी, वंदनाताई कानखोलीबद्दल काही विचारायचं झालं तर. बापूंनी बोलायला सुरुवात केली. छत, यंत्र, बाहेरचे डबे, कारखान्यातली माणसं. सगळं खरं होतं. आबा म्हणाले, हा आवाज गेला तर उद्या आपल्याच शेतकऱ्याला आपलाच आवाज फोन करून नको ते कर्ज गळ्यात बांधील. तेही खरं होतं. बापू म्हणाले, तत्त्वे जपायची तर ती स्वतःच्या खर्चाने जपावीत, कारखान्याच्या नव्हे. आबा म्हणाले, तू लहानपणापासून असाच आहेस. बापू म्हणाले, यात लहानपणाचा काय संबंध. आवाज चढले. बाहेर चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच परत गेला.

आणि आबांनी टाळी वाजवली. "बाजू बदला!"

"आबा, ही नाटक कंपनी नाही," बापू कडाडले. "इथे माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

अक्का इतका वेळ सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "बदल ना रे. तुले काय तोटा हाये त्याच्यात?"

अक्कांपुढे दोघांचंही चालत नसे.

आबांनी सुरुवात केली. कानखोली का विकावी, यावर. आधी वाटलं, थट्टा करतील. पण ते उभे राहिले आणि बोलायला लागले तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. म्हणाले, "हा विभाग म्हणजे माझा हट्ट आहे. मी त्याला सेवा म्हणतो, कारण हट्ट म्हणायला लाज वाटते. बापू पावसात यंत्रावर ताडपत्री धरून बसतो, तेव्हा मी इथे यंत्रांना गार वारा घालत असतो. कारखान्यातल्या माणसाचा हात एखाद्या दिवशी त्या जुन्या यंत्रात सापडला, तर मी त्याच्या बायकोला काय सांगू? तुझ्या नवऱ्याचा हात गेला, पण आपला डबा अहिराणी छान बोलतो?" ते थांबले. खुर्ची चाचपून बसले. "विकून टाकावी," म्हणाले, अगदी हळू.

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

आता बापूंची पाळी. त्यांनी घसा साफ केला. "कानखोली विकू नये. कारण एक..." आणि अडकले. पाणी प्यायले. "कारण एक. डबा कोणीही तयार करू शकतो. आपल्यापेक्षा स्वस्त करू शकतो, आणि करतोच आहे." पुन्हा थांबले. मग इस्त्री मोडल्यासारखा त्यांचा आवाज बदलला. "परवाची गोष्ट. धुळ्यात विक्रेत्याच्या दुकानात मी बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. विक्रेत्याने त्यांना दुसरा डबा दाखवला, निम्म्या किमतीचा. त्यांनी आपल्या डब्यावर हात ठेवला. म्हणाले, ह्या डबाले मन्ही बोली समजस, त्याले नही. आणि आपला घेऊन गेले." बापू आमच्याकडे बघत राहिले. स्वतःच्याच बोलण्यावर विचार करत असल्यासारखे. "म्हणजे मी आजवर डबा विकतच नव्हतो. माझा डबा वंदनाताईंच्या खोलीमुळे खपतो. ही खोली गेली तर दोन वर्षांत माझ्याकडे फक्त छत उरेल. नवे, न गळणारे छत. आणि त्याखाली काही नाही."

त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं.

"झालं?" अक्कांनी विचारलं. "आता आपापलं खरं मत सांगा."

"विकावी," आबा म्हणाले.

"विकू नये," बापू म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पुन्हा भांडण सुरू झालं, तितकंच जोरात, फक्त उलट्या दिशेने. आबा बापूंना म्हणत होते, तुला कारखान्याची काळजी नाही. बापू आबांना म्हणत होते, तुम्हाला दूरदृष्टी नाही. अक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की अडकित्ता हातातून पडला. मी हिशेब बघणारा माणूस. मला यात नक्की कुठल्या बाजूला घाबरायचं तेच कळेना.

शेवटी अक्कांनी डोळे पुसले आणि वंदनाताईंना विचारलं, "पोरी, तू जाशीन का पुण्याले?"

"नाही जाणार," वंदनाताई म्हणाल्या. "माझ्याकडची एकबी जाणार नाही. नुसते आवाज घेऊन जातीन ते. आन् उद्या नवं काही समजलं नाही, तर सांगणार कोण?"

"मंग विकायची नाही," अक्का म्हणाल्या. "पन आबाचंबी बरोबर हाये. छत आधी. आबा, ही कचेरी कशाले पाहिजे रे तुले एवढी मोठी? दे भाड्याने. जा धुळ्याले, बापूपाशी."

असा निकाल लागला. जळगावची कचेरी एका शिकवणीवाल्याने भाड्याने घेतली. त्या भाड्यावर आणि काही कर्जावर बापूंनी छत घातलं आणि नवं यंत्र आणलं. कानखोली धुळ्याला कारखान्याच्या माडीवर गेली. वंदनाताई आणि बाकीच्या काही दिवस रोज बसने ये-जा करून वैतागल्या, मग निम्म्या जणी घरूनच ऐकायला लागल्या. पुण्याचे लोक नाराज होऊन गेले. वर्षभर त्यांनी स्वतःचं यंत्र शिकवायचा प्रयत्न केला म्हणे. मग आमचा आवाज वापरायला मिळेल का, असं विचारत परत आले. बापूंनी मोटर आणि विजेपुरता द्यायचं कबूल केलं, कर्ज आणि औषधं वगळून. त्याचं भाडं येतं. तरीही कानखोली नफ्यात नाही. तोटा कमी झालाय, एवढंच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. बाहेरचे स्वस्त डबे आले, त्यात आसपासचे काही कारखाने बसले. आमचा उभा आहे. हे कानखोलीमुळे की छतामुळे, यावर दोघे भाऊ अजून भांडतात.

आबांनी मात्र बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचं प्रमुखपद सोडलं. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "ज्या माणसाचं मत विकण्याचं आहे, त्याने न विकलेल्या गोष्टीचा मालक म्हणून मिरवायचं? बापू बघेल." मग काय करणार, मी विचारलं. म्हणाले, "नोकरी बघतो कुठे मिळाली तर."

नोकरी त्यांनी कानखोलीतच मागितली. वंदनाताईंनी रीतसर मुलाखत घेतली, एक अवघड आवाज ऐकवला आणि एका महिन्याच्या बोलीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी उशिरा आले म्हणून त्यांना सगळ्यांसमोर बोलल्या. आबांचा चेहरा उजळला होता. "किती वर्षांनी कुणीतरी रागावलं रे," मला म्हणाले. तेव्हापासून ते तिथेच आहेत, कोपऱ्यातल्या टेबलावर, हेडफोन लावून, डोळे मिटून. एसी साधा आहे, त्यामुळे माकडटोपी सुटली.

मागच्या रब्बीतली गोष्ट. मी काही कागदांवर वंदनाताईंची सही घ्यायला माडीवर गेलो होतो. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"हे ऐका साहेब," म्हणाल्या. "आठवडा झाला, हा माणूस रोज फोन करतो आन् मशीनला काही समजत नाही. मला बी समजत नाही. कुठली बोली आहे ही?"

त्यांनी आवाज मोठा केला. एक पुरुष अडखळत, शब्द मोजून बोलत होता: "मोटर, आपण आते कृपया बंद व्हावं शे."

यंत्राचं उत्तर, "समजनं नही भो, परत सांग." मग तोच माणूस, अधिक काकुळतीने: "आपण बंद व्हावं शे. पानी बठ्ठा झालेले आहे शे."

मी हसलो. वंदनाताईही हसल्या. कोपऱ्यात आबांनी हेडफोन काढले होते. ते उठून आले. "पुन्हा लावा," म्हणाले. ऐकलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"बापू आहे," ते म्हणाले.

बापूंनी त्या वर्षी धुळ्याबाहेर थोडी जमीन घेऊन कांदा लावला होता, हे आम्हाला माहीत होतं. ते कुणी नसताना मोटरीशी अहिराणी बोलून बघतात, हे माहीत नव्हतं. आबांनीच मग सांगितलं. बापू लहान असताना पुण्याच्या वसतिगृहात शिकायला गेले. पहिल्या दिवशी वर्गात 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाले, तर सगळा वर्ग हसला. सुट्टीत घरी आले ते पुस्तकातलं मराठी घेऊनच. आई अहिराणीत विचारायची, हे पुस्तकात उत्तर द्यायचे. आई गेली तरी तसंच. बैठकीत त्या म्हाताऱ्याचं वाक्य सांगितलं तेवढं सोडलं, तर भावंडांनी ते शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकले नव्हते.

वंदनाताईंनी आवाज बंद केला. मग कामाच्या गोष्टीवर आल्या. "पण आबा, हे शिकवायचं कसं यंत्राला? हे चूक आहे. असं कुणीच बोलत नाही. काढून टाकू?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "एक जण बोलस ना," म्हणाले. "लिहा: 'मोटर बंद कर.'"

वंदनाताईंनी लिहिलं.

काही दिवसांनी खाली हिशेबाच्या खोलीत बापू आले. इस्त्रीचा शर्ट, पण चपलांना कांद्याच्या वाफ्यातली माती. इकडचं तिकडचं बोलले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "मला असे वाटते की आपले यंत्र आता बरेच सुधारले आहे. आधी त्याला शुद्ध अहिराणीसुद्धा कळत नव्हती."

"हो का?" मी म्हणालो.

"अजिबात नाही. आता एका हाकेत ऐकते," बापू म्हणाले, आणि समाधानाने कारखान्याकडे गेले.